चाकांवरच्या घरातले पाणी

माघातल्या सकाळी महाडजवळच्या सवच्या ऊन पाण्याच्या कुंडांवर वाफ उभी राहते. उभी राहते असेच म्हटले पाहिजे, कारण ती धुरासारखी लगबगीने वर जात नाही. पाण्यावर हातभर उंचीवर रेंगाळते, सावित्री नदीवरून येणाऱ्या गार वाऱ्याने किंचित कलते आणि पुन्हा आपल्या जागी येते. तिला नुकत्याच विझलेल्या आगकाडीचा वास असतो. नवखा माणूस त्या वासाने नाक मुरडतो. ज्याचे काही दुखत असते तो मात्र छाती भरून श्वास घेतो. साठ सालाच्या आगेमागे, अशाच एका सकाळी, माझी पत्नी इंदू त्या कुंडाच्या पायरीवर बसली होती. तापाने निर्जीव झालेले आपले दोन्ही पाय तिने ऊन पाण्यात सोडले होते, डोळे मिटले होते, आणि मी तिच्या मागे पंचा घेऊन उभा होतो.

धरणीच्या पोटातून ऊन पाणी वर का येते, हे मला नीटसे ठाऊक नाही. मी महाडच्या शाळेत चित्रकला शिकवत असे. भूगर्भाचे शास्त्र वरच्या वर्गाच्या मास्तरांकडे होते. पण पाण्याविषयी एक गोष्ट मात्र मला त्या प्रवासाने शिकवली. पाण्याला रंग नाही, आकार नाही, ते कुणाचेच नाही, असे आपण म्हणतो. आणि तरीही माणसांनी आपल्या नात्यांच्या साऱ्या गाठी पाण्यानेच बांधल्या आहेत, हे कसे? लेक देताना बाप हातावर पाणी सोडतो. वैर धरणारा म्हणतो, त्याच्या दारचे पाणी पिणार नाही. मरणाऱ्याच्या ओठांवर आपण शेवटी ठेवतो तेही पाण्याचेच चार थेंब. आणि आम्ही तर महाडचे! चवदार तळ्याच्या काठावर दर मार्चात माणसांचा सागर लोटताना ज्याने पाहिला आहे, त्याला एका ओंजळीची किंमत काय असते हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या ओंजळीशी मी माझ्या घरच्या गोष्टीची तुलना करणार नाही. ती ओंजळ फार मोठी होती. माझी गोष्ट एका बापलेकीची आहे, आणि एका पितळी पंपाची.

आमच्याकडे एक रीत होती. काही घरांत अजूनही असेल. लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचे पाणी प्यायचे नाही. एकदा दान केलेल्या लेकीकडून काही घ्यायचे नाही, असा त्यामागचा विचार. नातवंड झाले की त्या घरात आपलेही कुणी आले, मग हरकत नाही. रीत म्हणून ती काही क्रूर नव्हती. तिच्यात बापाचा एक संकोच होता, आणि थोडी मौजही होती. वर्षा-दोन वर्षांत पाळणा हलला की ती आपोआप सुटायची, आणि आजोबा नवे धोतर नेसून लेकीकडे जेवायला जायचे. रीत घालणाऱ्यांनी पाळणा हलणारच असे धरले होते.

माझे सासरे, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, पोलादपूरच्या वरच्या अंगाला घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत भाताची खाचरे राखून होते. इंदूची आई ती लहान असतानाच गेली. आबांनी दुसरे लग्न केले नाही. वेणी घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सारे त्यांनीच तिला शिकवले. आबांची वेणी वाकडी व्हायची पण भाकरी गोल, असे इंदू सांगत असे. तिचे लग्न झाल्यावर ते महाडच्या बाजाराला आले की आमच्याकडे येत. फडक्यात तांदळाची भाकरी बांधलेली असे आणि पाण्याचा तांब्या बरोबर. ओट्यावर बसायचे, लेकीकडे पाहत पाहत स्वतःची भाकरी स्वतःच्या पाण्याबरोबर खायची आणि उठायचे. आमच्या समोरच हसनभाईंचे लॉऱ्या दुरुस्त करायचे गॅरेज होते. तिथला चहा मात्र ते आवडीने घेत. हसनभाईंकडचा चहा चालतो आणि लेकीकडचे पाणी चालत नाही, हे कसे, असे मी एकदा थट्टेने विचारले, तेव्हा आबा शांतपणे म्हणाले, "मास्तर, हसनभाय माजी लेक नाय."

मग तो ताप आला. आठवडे राहिला, आणि जाताना इंदूचे पाय घेऊन गेला. मुंबईच्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली: मूल होणे तिच्या जिवावर बेतेल. ती गोष्ट आम्ही आबांना कळवली, त्यांनी ती ऐकून घेतली, आणि पुढच्या बाजाराला ते नेहमीसारखे आले. फडक्यात भाकरी होती. तांब्याही होता. इंदू उंबऱ्याच्या आत बसून त्यांच्याकडे बघत राहिली. रितीला जो शेवट होता तो आता उरला नव्हता. बापाने आपल्या हातचे पाणी आता कधीच प्यायचे नाही, हे तिला त्या क्षणी कळले. पाय गेले तेव्हा ती रडली नव्हती. त्या दिवशी आबा गेल्यावर ती रडली.

त्यानंतर ती माहेरी जाईना. मी कितीदा विचारले. तिचे उत्तर ठरलेले असे: "तिथं मला उचलून उतरवतील, पाटावर बसवतील, पाणी हातात देतील. मला पाहुणी म्हणून जायचं नाही, आणि ओझं म्हणून तर नाहीच. माझं घर बरोबर नेता आलं असतं तर गेले असते." ती हे वैतागून म्हणाली होती, पण हसनभाईंच्या कानांवर ते पडले, आणि हसनभाई हा मोठा उद्योगी माणूस. त्यांच्या गॅरेजच्या मागे लष्कराने लिलावात काढलेली एक जुनी रुग्णवाहिका कैक पावसाळे गंजत पडली होती. ती त्यांनी एके दिवशी पुढे ओढून आणली आणि मला हाक मारून म्हणाले, "मास्तर, भाभींना घर पायजे ना चाकांवर? ह्ये घ्या. चाकं हायत, घर तुमी काढा."

आणि मी खरोखरच घर काढले. चित्रकलेच्या शिक्षकाची विद्या आयुष्यात एखाद्याच वेळी कुणाच्या कामी येते. माझी तेव्हा आली. मी इंदूला जमिनीवर बसवले, तिचे हात चारी दिशांना पसरवले, ते जिथवर पोचले तिथवर खडूने रेघ मारली, आणि त्या रेघेच्या आत सारे घर बसवले. बुटका ओटा, हाताशी स्टोव्ह, कोपरावर मिठामसाल्याची फळी, एका अंगाला निजायची फळी, तिच्याखाली पाण्याची लोखंडी टाकी, भरायचे तोंड गाडीच्या बाहेरच्या अंगाला. जगातले मोठमोठे महाल राजांच्या मिजाशीने मोजलेले असतात. हे घर एका बाईच्या हातांच्या कवेने मोजलेले होते, आणि म्हणून त्यात काहीही तिच्यापासून दूर नव्हते.

या घराचा प्राण म्हणजे टाकीवर बसवलेला पितळी हातपंप. त्याची रचना साधी होती. एक पितळी नळकांडे टाकीतल्या पाण्यात बुडालेले. त्याच्या आत वरखाली सरकणारी दांडी. दांडीच्या टोकाला चामड्याची लहानशी वाटी. ती वाटी नळकांड्याच्या भिंतीला घट्ट घासत वर येते आणि आपल्यावरचे पाणी उचलून तोटीतून बाहेर सोडते. बाहेरचा दांडा दाबायला फार जोर लागत नसे, आणि इंदूच्या हातांत तर पायांचीही ताकद उतरली होती. पाय गेल्यापासून तिने स्वतःच्या हाताने पाणी घेतले नव्हते. हंडा कुणीतरी आणायचा, तांब्या कुणीतरी भरायचा, मग तिने तो घ्यायचा. गॅरेजमध्ये पंप पहिल्यांदा चालला तेव्हा तिने एकच वाटी पुन्हा पुन्हा धुतली. हसनभाई टाकी रिकामी होईल म्हणून कुरकुरत होते, पण तिला थांबवायचे धाडस त्यांना झाले नाही.

आता आम्ही कशासाठी निघालो होतो ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. आबांच्या अंगणात आपले घर उभे करायचे, त्यात आपल्या हाताने वालाचे बिरडे रांधायचे, आणि आबांना आत बोलावून पाणी द्यायचे, एवढाच इंदूचा बेत होता. "नाही प्यायला तर नाही," ती म्हणाली होती. "पण मला एकदा विचारायचंय." वाल तिने निघायच्या आधीच भिजत घातले होते आणि फडक्यात बांधून मोड काढायला ठेवले होते. हे फडके मांडीवर घेऊनच ती गाडीत बसली, आणि हसनभाई गाडी चालवायला.

सव पोलादपूरच्या उलट दिशेला, तरी आधी तिकडे गेलो, कारण आबांचे गुडघे. सवच्या पाण्याने सांधे सुटतात अशी आमच्या मुलखाची श्रद्धा आहे, आणि तिला एक अट आहे: पाणी ऊन आहे तोवरच त्याचा गुण. गार झाले की तेही इतर पाण्यासारखेच पाणी. म्हणून कुंडातून हंड्यांनी पाणी आणून गाडीची टाकी काठोकाठ भरली आणि तिच्याभोवती दोन गोधड्या अशा गुंडाळल्या, जशा बाळंतिणीच्या अंगावर घालतात. महाड मागे पडले, पोलादपूर आले, आणि तिथे हसनभाईंच्या इंजिनाने मान टाकली. ते दुरुस्त होईपर्यंत दुपार कलली. इंदूने मला टाकीतले पाणी पातेल्यात काढायला लावले, त्यात बोट बुडवून पाहिले आणि तिचा चेहरा उतरला. पाणी कोमट झाले होते.

मग आम्ही जे केले ते आमच्याच मुलखातली माणसे करू जाणे. दुसरे कढत पाणी त्यात मिसळायचे नाही, कारण मिसळले की गुण जातो. सवचे पाणी सवच्याच पाण्याने ऊन झाले पाहिजे. तेव्हा टाकीतलेच पाणी पातेल्याने काढायचे, स्टोव्हवर खळखळा उकळायचे आणि तसेच परत टाकीत ओतायचे, असा कार्यक्रम सुरू झाला. इंदू उकळत होती, मी ओतत होतो, हसनभाई इंजिनातून डोके काढून "अजून एक टाका, मास्तर" म्हणत होते. टाकीच्या तोंडातून वाफा निघू लागल्या तेव्हा आम्ही तिघांनी एकमेकांकडे मोठ्या समाधानाने पाहिले. त्या उकळत्या पाण्यात नळकांडे बुडालेले आहे आणि नळकांड्यात एक चामड्याची वाटी आहे, हे तिघांपैकी एकाच्याही मनात आले नाही. श्रद्धेच्या कामात माणूस इतका तल्लीन होतो की शेजारची विद्या त्याला दिसत नाही.

संध्याकाळच्या आधी वाडीत पोचलो. भात कापून झालेल्या खाचरांत वाल फुलले होते आणि हवेत त्या फुलांचा हिरवट वास होता. आबा अंगणात उभे होते. गाडीचे मागचे दार उघडून इंदू आतूनच म्हणाली, "आबा, 'आली गो बाय' म्हणून मला उचलायला येऊ नको. मी माझ्या घरात हाय." दाराची चौकट, फळी, ओटा, पंप, सगळे आबांनी नजरेने तपासले, बैल विकत घेताना तपासतात तसे, आणि मान हलवली. गाडीखाली शिरून टाकीच्या तळाचे बूच काढले आणि सवचे पाणी आम्ही पातेल्यांत घेतले. ओटीवर बसवून मी त्यांचे गुडघे शेकले. लेकीने आणलेले पाणी त्यांनी अंगाला कसे लावून घेतले, असे वाटले का तुम्हांला? त्याचेही उत्तर त्यांच्याकडे तयार होते. "सवचं पाणी देवाचं हाय," ते म्हणाले. इंदूने गाडीतून ते ऐकले आणि ती वालाच्या फडक्यावर पाणी शिंपडत राहिली. रिकामी टाकी रात्रभर वाळत राहिली.

सकाळी वाडीतल्या बायांनी झऱ्याचे गोड पाणी आणून टाकी भरून दिली. इंदूने पदर खोचला, पातेले तोटीखाली धरले आणि दांडा दाबला. दांडा खाली गेला, वर आला, पुन्हा खाली गेला, आणि तोटी कोरडीच. पंपाचा दांडा ज्याने हाताळला आहे त्याला पाणी दिसायच्या आधी हातात कळते. पाण्याचे एक ओझे असते, ते हाताला जाणवते. इथे ते ओझेच नव्हते. रिकामा पाळणा हलवावा तसा तो दांडा हलत होता.

मी आणि हसनभाई कामाला लागलो. आधी टाकीत डोकावलो. पाणी भरपूर होते. तोटीत काडी घालून पाहिली. ती मोकळी होती. नळकांड्याच्या बुडाशी पाणी आत घेणारी एक झडप असते, तिच्यात भाताचे तूस अडकले असेल असे हसनभाईंना वाटले. आम्ही ती सोडवली, धुतली, तिच्यात तूस नव्हते. मग जोडाच्या फटीतून हवा शिरत असेल म्हणून आट्यांवर सुताचा दोरा गुंडाळून पुन्हा आवळले. दांडा तसाच पोकळ. बिघाड शोधणे हे एक विचित्र काम आहे. प्रत्येक भाग निर्दोष निघतो तेव्हा आनंद व्हायला हवा, आणि आपण मात्र हिरमुसले होतो. शेवटी दांडी उपसून बाहेर काढली, आणि टोकाची ती वाटी पाहिली. ती आक्रसून, काठ आत वळून, उन्हात वाळवलेल्या आंब्याच्या फोडीसारखी कडक झाली होती. हसनभाईंनी ती नखाने वाजवली. "मास्तर, आंबोशी झाली ही," ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने, अगदी हळू, "कालचं पाणी." चामडे उकळत्या पाण्यात शिजले होते आणि रात्रभर रिकाम्या टाकीत वाळले होते. आता ती वाटी नळकांड्याच्या भिंतीला कुठेच टेकत नव्हती; पाणी तिच्या बाजूने निसटत होते.

इंदूने ते ऐकले. आबांच्या गुडघ्यांसाठी केलेल्या मायेनेच आबांना द्यायचे पाणी अडवले होते, हे तिला समजावून सांगावे लागले नाही. तशी वाटी महाडात मिळण्यासारखी नव्हती. पंप मुंबईहून आला होता. गाडी नेऊन परत आणायची, तर त्या इंजिनाचा कुणालाच भरवसा नव्हता. वाडीतल्या बाया कनवाळू होत्या. एक म्हणाली, "आमी घालतो गो पाणी, तू बसल्या जागी रांध." इंदूने हात जोडून नको म्हटले. "टाकी तुमी भरलीत ते चाललं, पण पाणी काढायचंही तुमीच आणि मी नुसतं आबाला द्यायचं, तर त्यात माझं काय?" बाया हसल्या, पण समजल्या. दुपारी आबांनी रांधलेला भात तिने गाडीतच बसून खाल्ला. वालाचे मोड वाढत चालले होते.

मी ओटीवर आबांच्या शेजारी बसलो होतो. ते गाडीकडे पाहत होते. लेक कशासाठी आली आहे ते त्यांना पहिल्या क्षणीच कळले होते, याविषयी मला शंका नाही. आणि खरे सांगू? पंप बिघडला तेव्हा मला वाटले, म्हातारा सुटला. आता विचारणे नाही, नाकारणे नाही. लेकीचे मनही मोडले नाही आणि रीतही मोडली नाही. यंत्राने सगळ्यांची लाज राखली. आबांनी नुसते बसून राहायचे होते. उद्या-परवा गाडी गेली असती, आणि पुढच्या बाजाराला ते आपली भाकरी घेऊन आमच्या ओट्यावर आले असते. माणसाच्या आयुष्यातले किती कठीण प्रश्न असे कुणी न सोडवताच निघून जातात! आपण त्याला नशीब म्हणतो.

पण आबा उठले. दुखऱ्या गुडघ्यांवर हात टेकत आत गेले आणि खुंटीवरचा एक पट्टा घेऊन बाहेर आले. तो त्यांच्या बैलाच्या गळ्यातला घुंगरांचा पट्टा होता. बैल केव्हाच गेला होता. पट्ट्याला मात्र आबा दर दिवाळीला खोबरेल चोळत, आणि त्यामुळे ते चामडे इतक्या वर्षांनीही मऊ होते. त्यांनी एकेक घुंगरू सोडवून धोतराच्या सोग्यात बांधले, पट्टा माझ्यासमोर ठेवला, आणि म्हणाले, "ह्यात व्हतं का बघा, मास्तर." मी म्हटले, आबा, हा कापावा लागेल. ते म्हणाले, "कापायलाच आणलाय."

मी पट्ट्याचा एक गोल तुकडा कापला. कोमट पाण्यात तो भिजवला. त्या दिवशी पाणी किती ऊन आहे हे हसनभाईंनी स्वतः बोट बुडवून तीनतीनदा पाहिले, आणि इंदू पहिल्यांदा हसली. मग तो ओला तुकडा धान्य मोजायच्या छोट्या मापाच्या तोंडावर ठेवून आत लाकडी गोळा ठोकून बसवला, म्हणजे त्याला वाटीचा आकार यावा. तो तसाच वाऱ्याला ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर काढला तेव्हा चामड्याची चांगली वाटी झाली होती. काठ कोयतीने तासले, खोबरेल चोळले, दांडीला बसवले. आबा सगळा वेळ जवळ बसून होते. नळकांड्यात दांडी उतरवताना ती हवी तशी अडखळत, घासत आत गेली, आणि हसनभाई म्हणाले, "आता बोलेल."

इंदूने दांडा दाबला. या वेळी हाताला ओझे आले. तिच्या चेहऱ्यावर ते मला दिसले. पहिले पाणी तेलकट आले, ते आम्ही जाऊ दिले. मग नितळ धार लागली. इंदूने डोईवरचा पदर सारखा केला आणि बापाला हाक मारली. "आबा, आत ये. पाणी घे."

आबा पायरीवर हात टेकून चढले आणि दाराशी वाकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मी एक लबाड समाधान पाहिले, जे वर्षानुवर्षांच्या कोर्टकज्ज्यात एकदाची वाट सापडलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असते. रात्रभर त्यांनी विचार केला असावा. "कसं हाय गो," ते म्हणाले, "ह्यात आता माज्या बैलाचा पट्टा बसला. म्हंजे पंप माजा झाला. पंप माजा, तर पाणीपन माजंच. लेकीचं नाय. मंग मी प्यालो तर काय बिघडत नाय." आणि त्यांनी तोटीपुढे ओंजळ धरली.

मी सुटकेचा श्वास सोडला. हसनभाईंनी तर माझा हातच दाबला. काय सुंदर तोडगा होता! रीत अभंग, बाप तृप्त, लेक तृप्त. सारा प्रवास सार्थकी लागला असे मला वाटले, आणि मी इंदूकडे पाहिले. तिने दांड्यावरचा हात काढून घेतला होता.

"मग राहू दे, आबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुझं पाणी तुझ्या विहिरीत हाय. त्यासाठी मी इथवर नाय आले. माझ्या घरचं म्हणून पिणार असशील तर देते. नायतर नको."

आबांची ओंजळ तशीच धरलेली राहिली. त्या दोन्ही तळव्यांवर नांगराने पाडलेले घट्टे होते, आणि वाटीला चोळलेल्या खोबरेलाचा थोडा तेलकटपणा. त्या हातांनी तिची वेणी घातली होती आणि त्याच हातांनी तिला मला दिली होती. ते लेकीकडे बघत नव्हते; ओंजळीत बघत होते. मला वाटले आता ते उठतील. बाहेर वाडीतली एक बाई हंडा घेऊन चालली होती, तीही थांबली. किती वेळ गेला असेल? फार नसेल. पण आयुष्यात इतका वेळ थांबलेला मी दुसरा माणूस पाहिला नाही.

"दे गो," आबा म्हणाले. त्यांनी ओंजळ आणखी पुढे केली. "लेकीच्या घरचं पाणी दे."

इंदूने दांडा दाबला. ओंजळ भरली, आबांनी ती ओठांना लावली आणि प्यायले. प्यायल्यावर तोंड वाकडे करून म्हणाले, "चामड्याचा वास मारतोय." इंदू म्हणाली, "अजून एक घे, जाईल." त्यांनी आणखी एक ओंजळ घेतली, आणि मग आणखी एक. तिचे डोळे वाहत होते आणि हात दांड्यावर चालत होता. त्या दिवशीचे बिरडे जरा कडवट झाले, मोड फार लांबले होते ना. पण आबांनी दोनदा मागून घेतले.

रूढी मोडतात तेव्हा गाजावाजा होतो, असे आपण इतिहासात वाचतो. घरातल्या रूढी मोडतात तेव्हा तसे काही होत नाही. पट्टा कापून दिला तेव्हा आबांनी सारे देऊन टाकले असे मला वाटले होते; पण त्यांनी बैलाची आठवण दिली होती, हेका राखून ठेवला होता. लेकीने तोच मागितला. मला तेव्हा वाटले होते, मिळते आहे तेवढ्यावर समाधान मानावे. ती माझ्याहून शहाणी होती, आणि आपल्या बापाला माझ्याहून चांगली ओळखत होती.

पुढे आबा महाडच्या बाजाराला येत राहिले. भाकरीचे फडके नाही, तांब्या नाही. गल्लीच्या तोंडाशी दिसले की तिथूनच आमच्या घराकडे बघून हाक द्यायचे, "इंदू, पाणी दे गो." समोरून हसनभाई चहाला बोलवीत, तर त्यांना हातानेच थांबा म्हणायचे. आधी आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, सगळ्या गल्लीला दिसेल असे, आणि तांब्याभर पाणी प्यायचे. तहान लागलेली असायचीच असे नाही.